पुराच्या पाण्यावर कापलेल्या फळ्या

मागच्या ट्रॉलीत पाइनचा एक ओंडका होता आणि शेजारच्या सीटवर बाप. दोघांपैकी जास्त गप्प कोण, हे आउडहिल्डला सांगता आलं नसतं. आज दिवसभर दोघांनाही ओढत न्यायचं होतं, आणि ती निघतानाच दमलेली होती.

दमलेली म्हणजे एका दिवसाची नव्हे. साठीला आलेली ही बाई सरकारी नोकरीत घरोघर जाऊन म्हाताऱ्यांना औषधं द्यायची, त्यांचे पाय धुवायची, मोजे चढवायची. शुक्रवारी संध्याकाळी ते संपलं की खोऱ्याच्या टोकाला बापाच्या घरी यायची आणि तेच सगळं पुन्हा पहिल्यापासून करायची. बाप रात्री हाक मारायचा. कधी पाणी हवं म्हणून, कधी छपरावरचा बर्फ घसरला का बघ म्हणून, कधी नुसतीच. वरच्या खोल्या गारठलेल्या असायच्या, म्हणून ती स्वयंपाकघरातल्या लाकडी बाकावर झोपायची. बाक आखूड आणि ही आईवर गेलेली, ताडमाड. पाय बाहेर लटकायचे, आणि कूस बदलली की बाक असा कुरकुरायचा की तिची तिलाच जाग यायची. पण याबद्दल तिनं कधी तोंडातून ब्र काढला नव्हता. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, याला इथल्या खोऱ्यात चांगलं वळण म्हणतात.

आज मात्र तिला बोलायचं होतं. वृद्धाश्रमात एक खोली रिकामी झाली होती. काल दुपारी तिथल्या बाईंचा फोन आला तेव्हा आउडहिल्ड दुकानाच्या दारात, काखेत पावाचं पुडकं धरून उभी होती. सोमवारपर्यंत सांगा, बाई म्हणाल्या. आणि हिनं बापाला न विचारता, तिथल्या तिथं, 'हो, घेते' म्हणून टाकलं. पहिल्या तारखेला बापाला त्या घरातून उठवायचं होतं, ज्या घरात तो जन्मला, आणि ते त्याला माहीतच नव्हतं. पहिल्या गिरणीपाशी सांगू, असं तिनं सकाळी ठरवलं होतं.

बापाचं नाव टोर्गाइर. नव्वदीला टेकलेला, ठेंगणा, गुडघ्यांनी बसवलेला, पण जिभेला अजून गंज नव्हता. फेब्रुवारीत त्यानं शेजाऱ्याला हाताशी धरून घरामागचं सगळ्यात जुनं पाइन पाडलं होतं. बुंध्याचा एकच तुकडा ठेवला, त्याची साल स्वतः बसून काढली आणि एवढंच म्हणाला, "पूर आला की कापून आणायचा. पाण्यावरच्या गिरणीत. विजेच्या नको."

आउडहिल्डनं काही विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? म्हातारा माणूस जुनं, संथ वाढलेलं पाइन पाडतो, एकच ओंडका ठेवतो आणि तो पाण्यावर कापायचा हट्ट धरतो, याचा अर्थ खोऱ्यातलं शेंबडं पोरही सांगेल. त्या शवपेटीच्या फळ्या. शहाण्या माणसानं त्या जिवंतपणीच कापून माळ्यावर ठेवायच्या, वेळ येईपर्यंत त्यांच्यावर वाळक्या भाकऱ्यांच्या चवडी रचायच्या, आणि त्यांना पेटी म्हणायचं नाही. 'माळ्यावरच्या फळ्या' म्हणायचं. असा ओंडका गिरणीवर आला की रांगेतली माणसं बाजूला होतात, टोप्या काढतात, आणि कुणी काही विचारत नाही.

ओंडका बापाच्या मानानं लांब होता, हे तिच्या लक्षात आलं होतं. म्हातारा आपली तरुणपणची उंची धरून बसलाय, असं तिला वाटलं, आणि त्याचं वाईटही वाटलं होतं.

त्यांच्या स्वतःच्या ओढ्यावरची गिरणी कधीच वाहून गेली होती. उरल्या होत्या त्या दुसऱ्यांच्या, आणि त्या चालणार त्या मे महिन्यात, डोंगरावरचा बर्फ वितळून पाणी उतरतं तेवढे दिवस. आज शनिवार, आणि पाणी ओसरायला लागलं होतं.

पहिली गिरणी नव्या रंगाची, नव्या छपराची होती. दारात पाटी, पाटीखाली तिकीट, शेजारी वाफल आणि मुरंबा विकणारी टपरी. "तू जा, मी बसतो," बाप म्हणाला. आउडहिल्ड आत गेली.

आतलं चाक खरंच पाण्यावर फिरत होतं. उभी करवत तिच्या लाकडी चौकटीत वरखाली होत होती आणि तिच्यासमोरच्या गाड्यावर एक ओंडका आकड्यांनी पकडून ठेवलेला होता. पर्यटक फोटो काढत होते. आउडहिल्ड बराच वेळ बघत राहिली तेव्हा तिच्या ध्यानात आलं, भुसा पडत नव्हता. करवत आधीच कापलेल्या फटीतून नुसती ये-जा करत होती.

मारित नावाची एक तरतरीत तरुणी माहिती सांगत होती. आउडहिल्डनं तिला बाजूला घेऊन विचारलं.

"खरं कापत नाही हो आम्ही," मारित म्हणाली. "पातं दीडशे वर्षांचं आहे. हाच ओंडका गेली तीन वर्षं लावलेला आहे. लोकांना हालचाल बघायची असते ना."

"माझ्या वडिलांचा ओंडका आहे. पाइनचा. एकच."

मारितचा चेहरा पडला. ती इथलीच पोर होती. "अरे देवा," ती हळू आवाजात म्हणाली. "मला माफ करा. मी असं मोठ्यानं बोलायला नको होतं." तिनं टपरीवरून दोन वाफल कागदात गुंडाळून आणली आणि आउडहिल्डच्या हातात कोंबली.

"काय झालं?" बापानं गाडीत विचारलं.

"कापत नाहीत. करवत नुसती जुन्या फटीतून वरखाली करते."

"म्हणजे कवळी घालून बसलाय आणि ताटात काही नाही." बापानं वाफल हुंगून बघितली. "ही कशाबद्दल?"

"पोरगी चांगली होती."

आता सांगावं, तिला वाटलं. तिनं तोंड उघडलंसुद्धा. पण बाप मुरंबा बोटाला लागू न देता वाफल खाण्यात इतका गढला होता की तिनं गाडी सुरू केली. दुसऱ्या गिरणीपाशी सांगू.

दुसरी गिरणी स्वाइनुंगची. स्वाइनुंग आणि टोर्गाइर शाळेत एका बाकावर बसले होते आणि तेव्हापासून त्यांचं एकमेकांशी पटलेलं नव्हतं. ट्रॉली अंगणात शिरली तसा स्वाइनुंग घरातून बाहेर आला, ओंडक्याकडे बघितलं आणि टोपी काढली. टोर्गाइर तेव्हा गाडीत डोळे मिटून पडला होता.

"गिरणी दाखवतो, ये," स्वाइनुंग आउडहिल्डला म्हणाला, "पण उपयोग नाही गं."

खरंच उपयोग नव्हता. गिरणीच्या जागी आत दोन पलंग, पांढरे पडदे आणि चहाकॉफीचं मशीन होतं. करवतीचं पातं घासूनपुसून जेवणाच्या टेबलावर टांगलेलं. पाण्याची लाकडी पन्हळ मधोमध कापून तिच्यात फुलझाडं लावली होती.

"मुलानं केलं हे सगळं," स्वाइनुंग म्हणाला. "उन्हाळ्यात जर्मन येऊन राहतात. पाण्याच्या आवाजानं झोप छान लागते म्हणतात."

आउडहिल्डनं त्या पलंगांकडे बघितलं. पांढऱ्याशुभ्र चादरी, जाड उशा. क्षणभर तिला असं वाटलं की स्वाइनुंगला म्हणावं, मला इथं दोन तास पडू दे, बाहेर ओंडका आणि बाप दोन्ही राहू देत. तिला स्वतःची लाज वाटली.

"फार झालंय का त्याला?" स्वाइनुंगनं विचारलं.

"वय झालंय."

"हं. वय होतंच." तो टोपी हातात फिरवत राहिला. "तू असं कर, वर ओस्मुंडकडे जा. त्यांच्या मंडळींनी गिरणी चालू ठेवलीय, आज बघायला येणाऱ्यांचा दिवस आहे, पण ते खरं कापतात. आजच जा. उद्या पाणी नसेल." मग तो घरात गेला आणि धुरावलेला एक मासा वर्तमानपत्रात बांधून घेऊन आला. "त्याला दे. माझ्याकडून म्हणून सांग."

गाडी रस्त्याला लागल्यावर बापानं ते पुडकं उघडून बघितलं. नंतर आउडहिल्डकडे, नंतर पुन्हा माशाकडे.

"स्वाइनुंगनं मासा दिला?"

"हो."

"मला?"

"हो, बाबा."

"या माणसानं शाळेत मला पेन्सिलचं टोक करून दिलं नाही कधी." टोर्गाइर विचारात पडला. "मरायला टेकलाय की काय बिचारा? मला वाटलंच, मघाशी फार हळू बोलत होता."

आउडहिल्डला हसू आलं, पण ते टिकलं नाही. आपला मरणाचा ओंडका घेऊन हिंडणारा माणूस दुसऱ्याच्या मरणाची काळजी करतोय. आणि आपण त्याला घराबाहेर काढलंय. आत्ता सांगितलं तर हा मासासुद्धा त्याला गोड लागणार नाही. तिसऱ्या गिरणीपाशी नक्की, ती मनात म्हणाली, पण आता तिचा स्वतःवरच विश्वास राहिला नव्हता.

ओस्मुंडची गिरणी रस्त्याच्या शेवटी, जंगलात होती. धडधड आधी ऐकू आली, दिसली नंतर. पाणी पन्हळीतून चाकावर आदळत होतं, करवत दर फेरीला ओंडक्यात शिरत होती, आणि खालच्या फटीतून ओला, पिवळा भुसा नदीकाठी सांडत होता. राळेचा वास पार गाड्या लावतात तिथपर्यंत आला होता. बघे होतेच, पण त्यांच्याशिवाय ओंडके घेऊन आलेल्यांची रांग होती: कुणाला कुंपणाला फळ्या हव्या होत्या, कुणाला गोठ्याला.

इथं टोर्गाइर गाडीतून उतरला. "इथला आवाज बरोबर आहे," म्हणाला आणि काठी टेकत निघाला.

लोकांनी आधी ट्रॉली बघितली, मग म्हातारा. एकानं टोपी काढली. दुसऱ्यानं काढली. रांग आपोआप दुभंगली, आणि कुणीतरी आपला ओंडका लोटून ट्रॉलीला वाट करून दिली. ओस्मुंड, गिरणीचा प्रमुख, सत्तरीचा दणकट गडी, दाढी भुशानं भरलेली, चाललेली फळी संपल्यावर पन्हळीतलं पाणी अडवणारं लाकडी दार धाडकन पाडून खाली आला. धडधड थांबल्यावर एकदम शांत झालं.

"या, टोर्गाइर," तो म्हणाला. "तुमचा आधी घेतो."

"माझा आधी का? हे लोक केव्हाचे उभे आहेत."

"असू दे, असू दे," रांगेतले म्हणाले.

ओस्मुंडनं ओंडक्यावरून हात फिरवला. "चांगलं झाड आहे. जाडी नेहमीचीच ना? इंचभर?"

"दोन इंच," टोर्गाइर म्हणाला.

"दोन? जड होईल फार. उचलणाऱ्यांचा विचार करा."

"उचलायचंय कुणाला? एकदा ठेवलं की ठेवलं."

ओस्मुंडनं समजुतीनं मान हलवली. "बरं. आणि लांबी?"

"हिच्या मापाची." टोर्गाइरनं काठी उचलून आउडहिल्डकडे रोखली. "वर वीतभर जास्त धर. पाय बाहेर यायला नकोत."

सगळ्यांच्या नजरा आउडहिल्डकडे वळल्या. तिचा ओढलेला चेहरा, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, खांदे पाडून उभं राहणं, हे सगळं आता त्यांना कळल्यासारखं झालं. एका बाईनं पुढे होऊन तिचा हात हातात घेतला.

"अगं बाई," ती म्हणाली. "कधी कळलं तुला?"

आपला बाप आपल्या मापाच्या फळ्या कापून घेतोय, एवढंच आउडहिल्डच्या डोक्यात शिरलं. आपल्याला काही झालंय आणि ते सगळ्यांना माहीत आहे, आपल्यालाच नाही, असंसुद्धा एक क्षणभर तिला वाटून गेलं. इतकं थकल्यावर माणसाला काहीही खरं वाटतं.

"तुम्ही सगळे असे का उभे?" टोर्गाइरनं गोल वळून बघितलं. "आणि टोप्या कशाला..." मग त्याला उलगडा झाला. त्याचा चेहरा लाल झाला. "अरे गाढवांनो! मी मेलो नाही आणि तीही मेली नाही! पलंग करायचाय! पलंग! झोपायचा!"

आधी ओस्मुंडच्या दाढीतून भुसा उडाला. मग तो मोठ्यानं हसला, मग सगळे. हात धरलेली बाई हसता हसता डोळे पुसायला लागली. टोप्या पटापट डोक्यांवर चढल्या.

"पलंग आहे होय," गोठ्याच्या फळ्यांवाला म्हणाला आणि आपला ओंडका पुन्हा पुढे लोटला. "पलंगाला रांग असते, टोर्गाइर."

"बरोबर आहे," ओस्मुंड म्हणाला. "माळ्यावरच्या फळ्यांना रांग नाही. पलंगाला आहे. जा मागं."

"पाणी पुरेल का पण?"

"पुरलं तर पुरलं."

अशा रीतीनं ते दोघं सगळ्यांच्या शेवटी जाऊन एका जुन्या ओंडक्यावर बसले. आउडहिल्डनं थर्मासमधून कॉफी ओतली. करवत पुन्हा धडधडायला लागली.

"मला वाटलं होतं माळ्यासाठीच आहे," ती शेवटी म्हणाली.

"माळ्यावर माझ्या आहेत की. तुझ्या आईच्या कापल्या तेव्हाच कापून घेतल्या. दर नाताळला तू त्यांच्यावर भाकऱ्या रचतेस."

"ते फडताळ आहे ना?"

"फडताळ!" बापानं कपाळावर हात मारला. "शिकून काय उपयोग?"

आउडहिल्डनं कॉफीचा पेला खाली ठेवला. आता नाही तर कधीच नाही. "बाबा, मला तुम्हाला एक सांगायचंय."

"सांग."

"वृद्धाश्रमात खोली मिळालीय. तुमच्यासाठी. काल फोन आला आणि मी हो म्हणून टाकलं. तुम्हाला न विचारता. पहिल्या तारखेपासून." ती एका दमात बोलली, नदीकडे बघत. "मला होत नाही आता. मी फार दमलेय, बाबा. मला माहीत आहे तुम्हाला ते घर..."

"खोलीतून गाड्या लावायची जागा दिसते," टोर्गाइर म्हणाला. "नदीकडची मिळाली असती तर बरं झालं असतं. पण ठीक आहे. कोण आलं, कोण गेलं, कळेल तरी."

आउडहिल्ड वळून त्याच्याकडे बघायला लागली.

"तू दुकानाच्या दारात उभी राहून फोनवर बोललीस ना? दुकानवाली बाई आत काय झोपली होती? तू घरी पोचायच्या आत तिनं फोन करून माझं अभिनंदन केलं."

"मग सकाळपासून गप्प का बसलात?"

"तू सांगशील म्हणून. तुझी गोष्ट. ती तू सांगायची."

"आणि मी दिवसभर जीव मुठीत धरून गाडी चालवतेय!"

"दिसत होतं. दोनदा रस्ता सोडलास." बापानं काठीचं टोक भुशात रुतवलं. पुढचं बोलायला त्याला वेळ लागला. अशी बोलणी त्याला जमत नसत, आणि आत्ता जमवणं भाग होतं. "माझं फेब्रुवारीतच ठरलं होतं. त्या बर्फाच्या रात्री मी तुला हाक मारली. मग परत मारली. तू आली नाहीस. मला वाटलं, पडली की काय ही. काठी टेकत आलो. तर तू बाकावर बसल्या बसल्या झोपलेली. माझा एक मोजा हातात. पाय बर्फाचे गोळे झालेले. म्हटलं, पांघरूण तरी घालू. वाकलो, बाकावर हात टेकला, आणि तो मेला कुरकुरला. तू ताडकन उभी. डोळे मिटलेलेच, आणि म्हणतेस, 'काय हवंय, बाबा?'"

आउडहिल्डला ती रात्र आठवतसुद्धा नव्हती. अशा कितीतरी रात्री होत्या.

"तेव्हाच ठरवलं," तो म्हणाला. "मी तिकडे जायचं. पण आधी हे झाड पाडायचं. विजेवर कापलेली फळी पिळवटते, मग पलंग कुरकुरतो, आणि तू तर मांजर चाललं तरी उठतेस. उन्हाळाभर वाळू देत. ओस्मुंड सांधून देईल, त्याच्याशी बोलतो. मी गेलो की तू सुट्टीच्या दिवशी येत जा. दार लाव, शेगडी पेटव आणि झोप. हाक मारायला कुणी नसेल."

आउडहिल्डला रडू आलं. तिनं ते लपवलं नाही, लपवायचं त्राणही नव्हतं. ती तिथं ओंडक्यावर बसून, थर्मासचं झाकण हातात धरून रडली. बापानं तिच्याकडे बघितलं नाही. आपल्या बाहीला लागलेला भुसा एकेक कण करून झटकत राहिला.

"तुम्हाला करमेल तिथं?" तिनं नाक पुसत विचारलं.

"छे. कुठलं करमतंय." तो थांबला. "पण तिथं रात्रपाळीची बाई असते ना? तिला हाक ऐकायचा पगार मिळतो. तिला मारीन हाका. रोज."

"बाबा!"

"स्वाइनुंगलाही सांगू, शेजारची खोली रिकामी होईल तेव्हा. मासा खाल्लाय त्याचा."

गोठ्याचा ओंडका झाला, कुंपणाचा झाला. बघायला आलेले बरेचसे निघून गेले. चाकावरच्या पाण्याचा आवाज बारीक व्हायला लागला तेव्हा कुठं त्यांचा नंबर लागला. ओस्मुंडनं पाइनचा ओंडका गाड्यावर चढवला, आकडे ठोकले, दार पूर्ण वर खेचलं. करवत सुरू झाली, पण सकाळच्यासारखी नव्हे. एक घाव, मग दम खाल्ल्यासारखी थांबे, मग दुसरा घाव. म्हाताऱ्या माणसानं जिना चढावा तशी ती त्या पाइनमधून जात होती. टोर्गाइर तिच्याशेजारी उभा राहिला आणि प्रत्येक फळी सुटली की तिच्यावरून हात फिरवू लागला. लाल, राळेनं चिकट, कुठं गाठ नाही. आउडहिल्ड आणि ओस्मुंड त्या उचलून बाहेर उतरत्या उन्हात एकीशेजारी एक मांडत होते.

शेवटच्या फळीला सगळ्यात जास्त वेळ लागला. मध्येच सगळ्यांना वाटलं, अडकली. पण ती सुटली.

"बघ पुरतात का," बाप म्हणाला.

"बाबा, लोक बघताहेत."

"बघू देत. मघाशी तुला पुरायला निघाले होते, आता झोपलेलीही बघू देत. पड."

आउडहिल्डनं अंगातला कोट काढून उशाला घेतला आणि त्या फळ्यांवर आडवी झाली. खालून राळेचा वास येत होता. फळ्या दिवसभराच्या उन्हासारख्या ऊबदार नव्हत्या, ओल्या आणि गारच होत्या, पण रुंद होत्या. तिनं पाय सरळ केले. पाय संपले आणि फळी त्यांच्या पुढे होती. वीतभर.

"पुरतंय?"

तिला 'हो' म्हणायचं होतं. ते तिनं मनात म्हटलं की तोंडानं, ते तिला नक्की कळलं नाही. तिनं कूस बदलली. फळ्या कुरकुरल्या नाहीत.

पुढचं तिला लांबून ऐकू आलं. ओस्मुंडचे जड बूट. लाकडी दाराच्या साखळीची खणखण. मग बापाचा आवाज, एरवी कधी नसतो इतका हळू.

"ओस्मुंड, ते दार आत्ता पाडू नको."

"अहो, झालं की काम. पाणी उगाच चाललंय."

"जाऊ दे. धाडकन आवाज होईल."

साखळीची खणखण थांबली. पाणी रिकाम्या चाकावरून वाहत राहिलं. संध्याकाळ व्हायला आली होती, बापाचं औषध राहिलं होतं, परतीचा रस्ता लांब होता, आणि तो तिकडे उभा राहून राहून गुडघे दुखवून घेणार हे आउडहिल्डला माहीत होतं. तिनं उठायला हवं होतं. ती उठली नाही.